कॉमिक कॉनची गर्दी, कॅमेरे आणि 'बास' म्हणण्याची जबाबदारी

मदतनीस (धागाकर्ती)

धाकटी बहीण कॉस्प्ले करते, म्हणजे चित्रकथा-सिनेमांतल्या पात्राचा पोशाख स्वतः बनवून ते पात्र होऊन वावरते, आणि कन्व्हेन्शनला (कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्याला) मी तिच्याबरोबर मदतनीस म्हणून असते. पिशवी सांभाळायची, सुटलेला पट्टा पुन्हा लावायचा, स्ट्रॉने पाणी पाजायचं, मागून कोणी धडकत नाही ना बघायचं, ही माझी कामं. इतक्या जवळून पाहिल्यावर फोटोंबद्दल जे वाटतं ते मांडते आहे. इथे फोटोग्राफीवाले बरेच आहेत, म्हणूनच इथे.

'विचारून फोटो काढा' हे आता बहुतेकांना पटलंय. २०१४ साली न्यूयॉर्क कॉमिक कॉनने 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे मोठाले फलक लावले आणि हा विषय सगळीकडे पोचला. आपल्याकडेही अलीकडे लोक कॅमेरा वर करून, नजरेनं विचारतात. बरं वाटतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: एकाला 'हो' म्हटल्यावर काय होतं?

एकजण विचारतो. बहीण थांबते, तलवार उचलून पोझ घेते. ते बघून शेजारचे चौघं फोन काढतात. त्यांनी विचारलेलं नसतं, पण उभीच आहे म्हटल्यावर विचारायचं कशाला, असा हिशोब. त्यांच्या मागे आणखी सात-आठ. कोणीतरी 'ताई, इकडे' म्हणतं, कोणी 'मास्क काढा ना एकदा' म्हणतं. दोन स्टॉलमधला रस्ता बंद होतो. मागचे ढकलायला लागतात आणि स्टॉलवाला वैतागून आमच्याकडे बघतो, कारण त्याच्या टेबलापर्यंत गिऱ्हाईक पोचत नाही.

आता ती आतून कशी असते ते सांगते. तिचं चिलखत ईव्हीए फोमचं, म्हणजे चपलेच्या तळव्यासारख्या हलक्या फोमचं आहे, हीट गनने वाकवून कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने चिकटवलेलं. त्यातून वारा अजिबात जात नाही. मांडीचे तुकडे असे आहेत की बसता येत नाही. मास्कच्या डोळ्यांच्या फटीतून समोरचं तेवढं दिसतं, पायाखालचं काही नाही. खांद्याचा भाग वेल्क्रोवर असतो. कोणी आपुलकीने खांद्यावर हात टाकून सेल्फी घेतला की तो कर्रकन सुटतो आणि मग बाजूला जाऊन मला तो परत बसवावा लागतो. हातमोज्यांमुळे तिला फोनसुद्धा धरता येत नाही.

अशा अवस्थेत 'आता पुरे' म्हणायचं कुणी? सगळे तिच्याकडे बघतात. ती गप्प राहिली तर वीस मिनिटं जातात. ती म्हणाली तर 'माज बघा' असं ऐकू येतं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात अडकलेत, त्यानेच गर्दीला थांबवायचं, ही पद्धत मला चुकीची वाटते. थांबवण्याचं काम बाकीच्यांनी अंगावर घ्यायला हवं. कसं, यावर तुम्ही लिहा.

पन्नासचा प्राइम

चांगला धागा ताई. मी कन्व्हेन्शनमध्ये हौशी फोटो काढतो, त्यामुळे कॅमेऱ्यामागची बाजू लिहितो.

रस्ता अडण्याचं मोठं कारण लेन्स. ८५ किंवा ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन पूर्ण उंचीचा फोटो काढायचा तर मागे सरकावं लागतं, आणि कॅमेरा आणि माणूस यांच्यातली सगळी जमीन अडते. लोक त्या रेषेतून जायला बिचकतात, त्यामुळे अख्खी गल्ली थबकते. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ किंवा ५० लावा आणि जवळ उभे राहा. २४ ने फार जवळ गेलात तर चेहरा आणि हात ताणले जातात, तोही मोह टाळा.

दुसरं कारण सेटिंग. समोरची व्यक्ती पोझ घेऊन उभी आणि आपण तेव्हा आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा ते) शोधतोय. हे आधी करून ठेवायचं. हॉलमध्ये शिरल्यावर एखाद्या खांबाचा फोटो काढून उजेड बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. स्वस्त एलईडीखाली शटरचा वेग १/२०० किंवा १/२५० सेकंद ठेवला की फोटोवर आडवे पट्टे येतात आणि मग 'अजून एक, अजून एक' सुरू होतं. १/१०० ठेवा, माणूस स्थिर असेल तर १/५० चालेल. तयारी असेल तर तीन-चार फोटोंत काम होतं, अर्ध्या मिनिटाच्या आत.

सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी दिव्याची पेटी) आणि स्टँड मुख्य रस्त्यावर आणूच नये. स्टँडच्या पायात लांब झगा अडकून व्यक्ती आणि दिवा दोन्ही आडवे झालेले पाहिलेत.

एक शंका मात्र आहे. सगळंच विचारून काढलं तर सहज टिपलेले क्षण जातात. मित्राचा विग सरळ करणारी मुलगी, पोशाखात वडापाव खाणारा योद्धा. हे फोटो पोझपेक्षा मला जास्त जिवंत वाटतात. त्यांचं काय?

मदतनीस

प्राइमदादा, सेटिंगचं आधी करून ठेवायचं हे फार उपयोगी. वडापावबद्दल: खाताना मास्क निघालेला असतो, विगखालची जाळी दिसत असते, मेकअप ओघळलेला असतो. लोकांनी मेहनतीने उभं केलेलं पात्र त्या घटकेला उतरवलेलं असतं. काहींना तो फोटो आवडेल, काहींना अजिबात नाही. काढल्यावर लगेच स्क्रीन दाखवा आणि विचारा, 'ठेवू का?' नाही म्हणाले तर समोरच पुसा. बहिणीला असा एक फोटो दाखवला होता, तो तिने आनंदाने मागून घेतला.

तिकीटवाला

मला हे जरा जास्त होतंय असं वाटतं. स्पष्ट लिहितो, राग नसावा. जागा सार्वजनिक, आम्ही पैसे भरून आत आलो, आणि माणूस महिनोन् महिने खपून पोशाख करतो तो लोकांनी बघावा म्हणूनच ना? लग्नात नवरा-नवरी स्टेजवर उभी असतात तेव्हा प्रत्येकजण विचारून फोटो काढतो का?

मदतनीस

नाही काढत, बरोबर. पण नवरा-नवरीच्या शेजारी करवली असते, मामा असतात, आणि 'आता जेवायला बसू द्या' असं सांगणारं कोणीतरी मोठं माणूस असतं. आमच्याकडे ते माणूस नसतं, हाच मुद्दा आहे. आणि बघावं म्हणून केलंय हे खरंच आहे, कौतुक झालं की बहीण घरी येऊन दोन दिवस त्याच आनंदात असते. बघणाऱ्याचं आम्हाला वावडं नाही. पोशाखाला हात लावणाऱ्याचं, वाट अडवणाऱ्याचं आणि न थांबणाऱ्याचं आहे.

टोकियोतला पुणेकर

मदतनीस यांच्या प्रश्नाचं एक उत्तर मी इथे कोमिकेटला बघितलंय, ते सविस्तर लिहितो.

कोमिकेट म्हणजे कॉमिक मार्केट. १९७५ च्या डिसेंबरात टोकियोत सुरू झालं, तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. १९९६ पासून टोकियो बिग साइटमध्ये भरतं, वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि डिसेंबरात. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत मिळून साडेसात लाखांची नोंद झाली. ऑगस्टची गर्दी इतकी की २०१३ मध्ये हॉलच्या छताखाली माणसांच्या घामाच्या वाफेचा ढग जमल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुख्य काम हौशी लोकांनी स्वतः छापलेल्या चित्रकथा विकण्याचं. कॉस्प्ले नंतर वाढत गेला.

नियम कडक आहेत. घरून पोशाख घालून यायचं नाही आणि तसंच घरी जायचं नाही, तिथल्या कपडे बदलायच्या खोल्या वापरायच्या. कॉस्प्लेच्या फोटोंसाठी उघड्यावर वेगळ्या जागा ठरवून दिलेल्या, विक्रीच्या टेबलांमधल्या गल्ल्यांत थांबून फोटो काढायचे नाहीत. खालून वर कॅमेरा धरणं बंद. ट्रायपॉड, स्टूल वगैरे सामानालाही मनाई.

आता 'बास' कोण म्हणतं ते. गर्दी कमी असेल तेव्हा फोटो काढणारे एकामागे एक रांगेत उभे राहतात. आपला नंबर आला की नमस्कार, दोन-चार फोटो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवणं, आभार, आणि बाजूला. रांग फार वाढली की तिचं अर्धवर्तुळ होतं. पुढचे गुडघ्यावर बसतात, मागचे उभे. नजर आपल्याकडे वळावी म्हणून लोक हात वर करतात, कॉस्प्लेअर डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवत जाते. मग कोणीतरी मोठ्याने दहापासून उलटे आकडे म्हणायला सुरुवात करतं. कधी तो स्वयंसेवक असतो, कधी फोटो काढणाऱ्यांपैकीच एकजण. बाकीचे त्यात आवाज मिसळतात. शून्याला सगळे कॅमेरे खाली, सगळे वाकून आभार मानतात आणि घोळका पांगतो. कॉस्प्लेअरला तोंडातून शब्द काढावा लागत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्क झालो होतो, इतक्या माणसांचा घोळका काही क्षणांत मोकळा झाला.

यामागे एक विचार आहे. कोमिकेटमध्ये कोणाला गिऱ्हाईक मानत नाहीत. विकणारे, घेणारे, स्वयंसेवक, पोशाखवाले सगळे सहभागी, त्यामुळे शिस्त राखणं हे प्रत्येकाचं काम ठरतं. वर एकांनी 'पैसे भरून आलो' म्हटलंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. खालून फोटो काढणारे इथेही भेटतात. चोरून असे फोटो काढण्याविरुद्ध देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदा जपानात २०२३ च्या १३ जुलैपासून आला, त्याआधी ते बरंचसं प्रांताप्रांतांच्या नियमांवर चालायचं.

पंढरीची वाट

वाखूसा (वाचनखूण साठवली आहे). टोकियोचं वाचून आळंदीच्या पालखीची समाजआरती आठवली. मुक्कामाच्या तळावर दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला, आणि चोपदार चोप उंचावतात. एका क्षणात सगळं शांत. मग हरवलं-सापडलं, तक्रारी, पुढच्या सूचना. ज्याच्या हातात चोप त्याचं सगळे ऐकतात, कारण तो सगळ्यांनी मानलेला आहे. कन्व्हेन्शनमध्ये असा मानलेला माणूस हवा. ओळखू येईल असं जाकीट घातलेला स्वयंसेवक दर दोन गल्ल्यांमागे उभा केला तरी पुष्कळ होईल.

आणि कॅमेऱ्यांचा उच्छाद वारीतही आहे. रिंगणात अश्व धावायच्या वाटेवर लेन्स घेऊन घुसणारे दर आषाढीला दिसतात, त्यांना हटवताना चोपदारांच्या नाकी नऊ येतात.

चित्रकथांचं टेबल

मी कन्व्हेन्शनमध्ये स्वतःची चित्रं आणि प्रिंट्स विकते. स्टॉलवाल्यांची बाजू वर ओझरती आली म्हणून लिहिते. स्टॉलचं भाडं, छपाई, प्रवास, राहणं, हे सगळं दोन-तीन दिवसांच्या विक्रीतून निघायचं असतं. दुपारच्या ऐन गर्दीत टेबलासमोर फोटोंचा घोळका जमला की तेवढा वेळ विक्री शून्य. कॉस्प्लेअरचा यात दोष नसतो, तिला जिथे थांबवलं तिथे ती थांबली. थांबवणाऱ्याने दहा पावलं पुढे, भिंतीकडे किंवा मोकळ्या कोपऱ्यात चलता का, असं विचारावं. एवढंच हवंय.

दुसरं, प्रिंट्सचे जवळून, सरळ, पूर्ण फोटो काढून घेणारे. काहीजण ते घरी छापतात, काही टीशर्टवर छापून विकतात. टेबलाचा, माझा, एकंदर मांडणीचा फोटो खुशाल काढा, मी हसून उभी राहीन. एकेका चित्राचा काढायचा तर विचारा.

तिकीटवाला

स्टॉलचा विचार मी केला नव्हता. आणि टोकियोचं उदाहरण पटलं, कारण त्यात फोटो काढायला बंदी नाहीये, उलट सगळ्यांना मिळतो. माझी भीती बंदीची होती. आयोजकांना सांगा की वेगळी जागा द्या, चांगला पडदा आणि उजेड द्या. लोक आपोआप तिकडे जातील.

काळा कोट

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण 'सार्वजनिक जागा आहे' हे वाक्य वर आलंय.

भारतात २०११ साली दिल्ली हाटला पहिलं कॉमिक कॉन झालं तेव्हापासून कायदा बराच बदललाय. २०१३ मध्ये चोरून बघणं, चित्रण करणं आणि पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे झाले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ आणि ७८ मध्ये आहेत. कपडे बदलायच्या खोलीत डोकावून काढलेला फोटो कलम ७७ मध्ये येतो. झग्याखाली फोन धरणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई वाचावं. अंतर्वस्त्रांत असलेला खाजगी भाग संमतीशिवाय टिपला, पसरवला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात स्पष्ट म्हटलंय की व्यक्ती सार्वजनिक जागी आहे की खाजगी, याने फरक पडत नाही. त्यामुळे 'सार्वजनिक जागा' ही ढाल इथे चालत नाही.

फोटो कोणाचा, हाही वाद नेहमी होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हा त्याचा निर्माता आणि साधारणपणे पहिला मालक. पैसे देऊन काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. पण मालकी तुमची म्हणून समोरच्याचा चेहरा जाहिरातीत वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती वेगळी आणि लेखी घ्या.

दोन पोरांची आई

माझा आठ वर्षांचा मुलगा सुपरहिरो होऊन गेला होता. अनोळखी माणसं थेट त्यालाच 'बाळा, इकडे बघ' म्हणत होती. तो बघतो, लहान आहे. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. एका मुलीने मात्र आधी मला विचारलं, मग गुडघ्यावर बसून त्याला विचारलं, फोटो दाखवला आणि म्हणाली, 'नेटवर टाकणार नाही काकू, तुम्हालाच पाठवते.' पाठवलाही. मुलांच्या बाबतीत हा क्रम पाळा, आधी पालक, मग मूल. आणि त्याचं नाव, शाळा असलं काही फोटोखाली लिहू नका.

पन्नासचा प्राइम

आमच्या ओळखीच्या फोटोग्राफर मंडळींत हा धागा फिरवला. उलटे आकडे मोजायचं सगळ्यांना पटलं. ठरवलंय असं: ज्याने पहिल्यांदा विचारून थांबवलं, त्याची जबाबदारी. मागे घोळका जमलेला दिसला की त्यानेच वळून मोठ्याने म्हणायचं, 'शेवटचे दहा सेकंद, मग यांना जाऊ द्या', आणि मराठीत दहापासून मोजायचं. माझ्यामुळे ती थांबली, तर तिला सोडवणंही माझ्याकडेच.

फ्लॅशबद्दल एक राहिलं. मास्कच्या फटीतून बघणाऱ्यावर, रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घातलेल्यावर जवळून फ्लॅश मारला की बराच वेळ डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पुढे जिना असतो. आधी सांगा, डोळे मिटू द्या, किंवा वापरूच नका.

धाकटी

मी मदतनीस यांची बहीण. ताईने सगळं लिहिलंय, तरी दोन गोष्टी मला स्वतः सांगायच्या आहेत.

एक, फोटो पाठवा. दिवसभरात किती कॅमेऱ्यांसमोर उभी राहते मी, आणि हातात येतात ते मोजकेच. माझ्याकडे स्वतःच्या पोशाखाचा पाठीमागून एकही नीट फोटो नाही, आणि पाठीवरचं नक्षीकाम करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. आता मी पट्ट्यात अकाउंटचा क्यूआर कोड लावते. तो स्कॅन करा, निरोप टाका, महिन्याने पाठवलात तरी चालेल.

दुसरं मनाला लागणारं आहे. फोटो येतो तेव्हा माझा रंग दोन छटा उजळलेला असतो. कंबर बारीक केलेली असते. एकाने तर नाकाचा आकार बदलला होता. मी सावळी आहे आणि ते पात्र मी सावळ्या अंगानेच उभं केलंय. चिलखताचा तांबूस रंग मी माझ्या कातडीशेजारी धरून, तीन डबे बदलून निवडला होता. तुम्ही मला गोरी केलीत की तो रंगच चुकतो. पट्टे घालवा, मागचा कचऱ्याचा डबा काढा, उजेड सुधारा. शरीराला हात लावण्याआधी विचारा, फोटोतल्यासुद्धा.

चित्रकथांचं टेबल

धाकटी, मनापासून अनुमोदन. रंग निवडण्याचं जे लिहिलंस ते चित्रकाराला लगेच कळतं.

पन्नासचा प्राइम

धाकटी, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी उजळ करणारं प्रीसेट (एडिटिंगची तयार सेटिंग) एकदा लावून ठेवलेलं असतं, सगळ्या फोटोंवर तेच चालतं. तुझा निरोप ग्रुपवर जसाच्या तसा टाकतो, चालेल ना? पुढच्या वेळी राखाडी कार्ड आणतो. पहिला फोटो ते हातात धरून काढायचा, म्हणजे रंग खरा येईल. आणि पाठीचे फोटो आधी काढू, मग समोरचे.

धाकटी

चालेल दादा, नक्की टाका. पाठीच्या फोटोला केप बाजूला धरावी लागते, ते ताई करेल.